निष्काळजीपणाचे गाजलेले खटले कसे वाचावेत

टॉर्टचा, म्हणजे अपकृत्य कायद्याचा अभ्यास सुरू केला की पहिल्या काही आठवड्यांत गोष्टीच गोष्टी भेटतात. बाटलीतली गोगलगाय, फलाटावर फुटलेले फटाके, खिडकीतून पडलेलं पिठाचं पिंप. गोष्टी पाठ होतात आणि परीक्षेत किंवा पक्षकारासमोर बसल्यावर कळतं की त्यातला कायदा हाती लागलेलाच नाही.

निष्काळजीपणाचा दावा ही साखळी आहे. प्रतिवादीवर काळजी घेण्याचं कर्तव्य होतं का, ते त्याने मोडलं का, त्यामुळेच नुकसान झालं का, आणि ते नुकसान कायद्याने त्याच्या माथी मारण्याइतकं जवळचं आहे का? गाजलेला प्रत्येक खटला बहुतेक वेळा यातल्या एकाच कडीवर लढला गेलेला असतो. बाकीच्या कड्या दोन्ही बाजूंना मान्य असतात, किंवा न्यायालयाने त्या तात्पुरत्या गृहीत धरलेल्या असतात. वाद कोणत्या कडीवर होता हे शोधणं हेच वाचनाचं खरं काम आहे.

आधी कागद आखा

आडव्या कागदावर पाच रकाने आखा: कर्तव्य, कर्तव्यभंग, कारण, दूरस्थता, हानी. खाली एक आडवी ओळ बचावासाठी ठेवा. खटला वाचताना ज्या रकान्यावर वाद झाला तिथेच लिहायचं. इतर रकान्यांत ‘मान्य’ किंवा ‘गृहीत’ एवढाच शब्द. एका खटल्यासाठी तीन रकाने भरून वाहू लागले, तर बहुधा तुम्ही निकालाऐवजी हकिगत उतरवत आहात.

निकालपत्र मिळवा आणि संदर्भ वाचायला शिका

गाइडमधला चार ओळींचा सारांश किंवा निकालाच्या वर छापलेली हेडनोट म्हणजे निकाल नव्हे. हेडनोट संपादकाने लिहिलेली असते, न्यायाधीशाने नाही. ती दार दाखवते, तेवढाच तिचा उपयोग.

[१९३२] एसी ५६२ याचा अर्थ ‘अपील केसेस’ या अहवालमालिकेचा १९३२ चा खंड, पान ५६२. चौकोनी कंसातलं वर्ष खंड शोधायला लागतंच. (१८६८) एलआर ३ एचएल ३३० मध्ये वर्ष गोल कंसात आहे, कारण तिथे खंडाचा क्रमांक ३ हाच पत्ता आहे. एआयआर १९६९ एससी १२८ म्हणजे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’, १९६९, सर्वोच्च न्यायालय विभाग, पान १२८. अहवालाचं वर्ष आणि निकालाचं वर्ष वेगळं असू शकतं. हा शेवटचा खटला, लक्ष्मण बाळकृष्ण जोशी वि. त्र्यंबक बापू गोडबोले, १९६८ च्या मे महिन्यात निकाली निघाला आणि छापला गेला १९६९ च्या अहवालात. तारीख लिहिताना हा घोळ हमखास होतो.

न्यायालय कोणतं, हेही तिथेच टिपून ठेवा. राज्यघटनेच्या कलम १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा भारतातल्या सर्व न्यायालयांना बंधनकारक आहे. हाउस ऑफ लॉर्ड्सचा (२००९ पर्यंत ब्रिटनचं सर्वोच्च अपील न्यायालय) किंवा न्यूयॉर्कचा निकाल इथे फक्त पटवण्यापुरता उपयोगी. तरीही इंग्लिश खटले वाचावेच लागतात, कारण आपल्याकडे अपकृत्याची संहिता नाही आणि आपल्या न्यायालयांनी हा कायदा त्या निकालांच्या आधारानेच उभा केला आहे.

कर्तव्य: गोगलगायीपासून सुरुवात

डोनोह्यू वि. स्टीव्हन्सन (१९३२) पूर्ण वाचा. ऑगस्ट १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या पेझली गावातल्या कॅफेत वादीच्या मैत्रिणीने तिच्यासाठी जिंजर बिअर मागवली आणि पैसेही मैत्रिणीनेच दिले. बाटली अपारदर्शक होती. थोडी पिऊन झाल्यावर उरलेली ओतताना कुजलेल्या गोगलगायीचे अवशेष बाहेर पडले, असं वादीचं म्हणणं. पैसे वादीने दिले नसल्याने कॅफेमालकाशी तिचा करार नव्हता. म्हणून दावा थेट उत्पादकावर.

इथे नवशिक्या वाचकाचा पहिला गैरसमज होतो. बाटलीत गोगलगाय होती, असं कोणत्याही न्यायालयाने ठरवलेलं नाही. ‘वादी म्हणते ते सगळं खरं धरलं, तरी कायद्याने दावा उभा राहतो का?’ एवढाच प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर होता. तीन विरुद्ध दोन मतांनी उत्तर आलं: राहतो. पुढे प्रकरण तडजोडीने मिटलं आणि पुरावा कधी नोंदवलाच गेला नाही. तुमच्या कागदावर फक्त कर्तव्याचा रकाना भरेल, बाकी सर्वत्र ‘गृहीत’.

लॉर्ड अ‍ॅटकिन यांच्या मतात दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या काढायला शिकणं फार मोलाचं आहे. एक रुंद तत्त्व: आपल्या कृतीने किंवा हयगयीने ज्यांना इजा होईल असा अंदाज वाजवीपणे बांधता येतो, त्या ‘शेजाऱ्यां’ची काळजी घ्या. शेजारी कोण, तर आपल्या कृतीची झळ ज्यांना इतकी थेट लागेल की कृती करतानाच ते आपल्या डोळ्यांपुढे असायला हवेत. दुसरं अरुंद: ग्राहकापर्यंत त्याच स्वरूपात जावी म्हणून बाजारात सोडलेली वस्तू, मध्ये कोणी तपासण्याची वाजवी शक्यता नाही, अशा वेळी उत्पादकाचं ग्राहकाप्रति कर्तव्य असतं. निकालाला आवश्यक होतं ते अरुंद. रुंद तत्त्वाला पुढच्या न्यायालयांनी हळूहळू वजन दिलं. लॉर्ड बकमास्टर यांचं विरोधी मतही चुकवू नका. हे कर्तव्य मान्य केलं तर ते कुठे थांबेल, ही त्यांची भीती पुढच्या नव्वद वर्षांच्या खटल्यांतून फिरताना दिसते.

याच्या जोडीला पाल्सग्राफ वि. लाँग आयलंड रेलरोड (१९२८) ठेवा. सुटत्या गाडीत चढणाऱ्या माणसाला रेल्वेच्या नोकरांनी हात दिला, त्याच्या हातातलं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं रुळांवर पडलं, त्यातले फटाके फुटले आणि दूर फलाटावरचा वजनकाटा वादीवर कोसळला. ज्युरीने ६,००० डॉलर दिले होते. न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने ते चार विरुद्ध तीन मतांनी काढून घेतले. न्यायाधीश कार्डोझो म्हणाले, पुडक्यात काय आहे हे दिसत नव्हतं, तेव्हा दूर उभ्या बाईंप्रति कर्तव्यच निर्माण होत नाही. अँड्र्यूज यांनी विरोधी मतात हाच प्रश्न कारणाच्या रकान्यात टाकला. एकच हकिगत, दोन रकाने. हा फरक ज्याला दिसला त्याला अर्धा विषय समजला, असं मी मानतो.

कर्तव्याबाबत आणखी एक चूक सतत दिसते. कपॅरो वि. डिकमन (१९९०) मधली नुकसानीचा पूर्वअंदाज, निकटता आणि ‘न्याय्य व वाजवी’ ही तिहेरी कसोटी प्रत्येक अपघाताला लावली जाते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने रॉबिन्सन (२०१८) मध्ये स्पष्ट सांगितलं की ज्या नात्यात कर्तव्य आधीच प्रस्थापित आहे, तिथे ती कसोटी पुन्हा चालवायची नसते. वाहनचालक आणि पादचारी, डॉक्टर आणि रुग्ण, मालक आणि कामगार यांच्यात कर्तव्य आहेच. एका वाक्यात सांगा आणि पुढे सरका.

कर्तव्यभंग: मोजपट्टी कोणाची?

व्हॉन वि. मेनलव्ह (१८३७) मध्ये शेतकऱ्याने हद्दीलगत गवताची गंज रचली. ती पेट घेईल, असं लोक अनेक आठवडे सांगत होते. पेटली आणि शेजाऱ्याची घरं जळाली. ‘मी माझ्या बुद्धीप्रमाणे प्रामाणिकपणे वागलो’ हा बचाव फेटाळला गेला. मोजपट्टी त्या माणसाच्या अकलेची नाही, वाजवी शहाणपणाच्या माणसाची. नेटलशिप वि. वेस्टन (१९७१) मध्ये हीच पट्टी शिकाऊ चालकालाही लावली गेली: रस्त्यावर गाडी आणली की अपेक्षा सक्षम चालकाचीच.

पण वाजवी काळजी म्हणजे किती? याचं उत्तर एका खटल्यात मिळत नाही, दोन शेजारी ठेवून मिळतं. बोल्टन वि. स्टोन: क्रिकेटच्या मैदानाबाहेर गेलेला चेंडू रस्त्यावरच्या बाईंना लागला. कुंपणाचा माथा खेळपट्टीपेक्षा १७ फूट उंच होता आणि सुमारे ३० वर्षांत चेंडू अवघे सहा वेळा बाहेर गेला होता. क्लब जबाबदार नाही. पॅरिस वि. स्टेपनी बरो कौन्सिल: एका डोळ्याने आधीच अधू असलेल्या कामगाराच्या चांगल्या डोळ्यात, गंजलेला बोल्ट ठोकताना धातूची कपची गेली. इतरांना चष्मा देण्याची प्रथा नव्हती. तरीही मालक जबाबदार, कारण या माणसाच्या बाबतीत त्याच अपघाताचा परिणाम संपूर्ण अंधत्व होता. दोन्ही निकाल १९५१ च्या अहवालांत आहेत. पहिल्यात शक्यतेचा तराजू आहे, दुसऱ्यात इजेच्या गांभीर्याचा. तिसरं वजन काळजी घेण्याच्या खर्चाचं. अमेरिकेत न्यायाधीश लर्नेड हँड यांनी कॅरल टोइंग (१९४७) मध्ये ते सूत्रातच बसवलं: काळजीचा खर्च हा शक्यता गुणिले नुकसान यापेक्षा कमी असेल आणि तरी काळजी घेतली नसेल, तर हयगय.

डॉक्टरांचे खटले वेगळ्या वहीत ठेवा

इथे मी थोडा थांबतो, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो आणि चुकीच्या सल्ल्याने माणसांचं खरं नुकसान होतं.

बोलम (१९५७) हा अपील न्यायालयाचा निकाल नाही. न्यायाधीश मॅकनेअर यांनी ज्युरीला दिलेलं ते मार्गदर्शन आहे: त्या विषयातल्या जाणकार डॉक्टरांचा जबाबदार गट जी पद्धत योग्य मानतो तिच्याप्रमाणे वागलेला डॉक्टर, दुसरा गट वेगळं मानतो एवढ्यावरून दोषी ठरत नाही. बोलिथो (१९९७) मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याला लगाम घातला: तज्ज्ञांचं मत तर्काच्या कसोटीला उतरलं पाहिजे.

रुग्णाला धोका सांगण्याचा प्रश्न वेगळा. माँटगोमेरी (२०१५) मध्ये मधुमेही आईला प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याचा ९ ते १० टक्के धोका होता आणि तो सांगितला गेला नव्हता. ब्रिटनच्या न्यायालयाने या प्रश्नासाठी बोलमची कसोटी बाजूला ठेवली आणि रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा धोका सांगितलाच पाहिजे, असं ठरवलं. भारतात मात्र समीरा कोहली (२००८) वाचा. निदानासाठीच्या लॅप्रोस्कोपीला संमती होती. रुग्ण भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. एका प्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही, जीव वाचवण्याची तातडी असेल तरच अपवाद, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. पण माहिती किती द्यायची याबाबत त्याने अमेरिकी ‘इन्फॉर्म्ड कन्सेंट’ न स्वीकारता ‘रिअल कन्सेंट’ हा कमी कडक निकष घेतला. माँटगोमेरीचं तत्त्व भारताचा कायदा म्हणून लिहिलेली उत्तरं इथेच चुकतात.

जोशी वि. गोडबोले हा आपल्या भागातला खटला. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाचं मांडीचं हाड मोडलं, त्याला पुण्याला आणलं गेलं आणि तिथे पुरेशी भूल न देता, माणसांच्या जोराने ओढून हाड बसवल्यामुळे बसलेल्या धक्क्याने तो दगावला, असा निष्कर्ष निघाला. या निकालातलं घेण्यासारखं म्हणजे डॉक्टरच्या कर्तव्याचे तीन टप्पे: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, उपचार कोणता हे ठरवताना, आणि तो उपचार करताना. तक्रार वाचताना हयगय कोणत्या टप्प्यावर झाली, हे आधी नक्की करा.

जेकब मॅथ्यू (२००५) हा फौजदारी खटला आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ (हयगयीने मृत्यू) खाली डॉक्टरला दोषी धरायला साधी हयगय पुरत नाही, ती घोर असावी लागते, हा त्याचा गाभा. आज ते कलम भारतीय न्याय संहितेत १०६(१) मध्ये आहे. भरपाईच्या दाव्यात ‘घोर हयगय सिद्ध झाली नाही’ म्हणून जेकब मॅथ्यू पुढे करणं चुकीचं आहे. भरपाईसाठी ग्राहक आयोगाची वाट इंडियन मेडिकल असोसिएशन वि. व्ही. पी. शांता (१९९५) ने मोकळी केली. मात्र सर्वांना पूर्णपणे मोफत मिळणारी सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही.

पुरावाच नसेल तेव्हा

बर्न वि. बोडल (१८६३): गोदामाच्या खिडकीतून पिठाचं पिंप डोक्यावर पडलं. आत काय घडलं हे वादीला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. घटनाच बोलते, या तत्त्वाचा जन्म इथला. भारतात दिल्ली महानगरपालिका वि. सुभागवंती (१९६६): चांदनी चौकातला घड्याळाचा मनोरा १९५१ मध्ये कोसळला. बांधकाम सुमारे ८० वर्षांचं, चुन्याच्या प्रकारावरून आयुष्य ४० ते ४५ वर्षांचं. पालिका जबाबदार. अच्युतराव खोडवा वि. महाराष्ट्र राज्य (१९९६) मध्ये औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर पोटात कापडी टॉवेल राहिला होता, आणि नेमकी चूक कोणाची हे न ठरताही राज्य जबाबदार ठरलं.

हे तत्त्व वापरण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा: वस्तू प्रतिवादीच्या ताब्यात होती का, आणि काळजी घेतली असती तर असा प्रकार सहसा घडला असता का? ‘रुग्ण दगावला, म्हणजे घटनाच बोलते’ हा युक्तिवाद टिकत नाही. योग्य उपचारानंतरही रुग्ण दगावतात.

कारण आणि दूरस्थता

बार्नेट वि. चेल्सी (१९६९ चा अहवाल) कारणाच्या रकान्यासाठी पुरेसा आहे. चहानंतर उलट्या होणारे तीन पहारेकरी रुग्णालयात आले, डॉक्टरने न तपासताच परत पाठवलं, त्यातला एक आर्सेनिकच्या विषाने मेला. कर्तव्यभंग उघड होता. तरी दावा फेटाळला, कारण तपासलं असतं तरी उतारा वेळेत देता आला नसता. ‘ती चूक झाली नसती तर?’ हा प्रश्न नेहमी असाच विचारायचा. जिथे तो प्रश्नच अडतो, उदाहरणार्थ अनेक मालकांकडे अ‍ॅस्बेस्टॉस हाताळून मेसोथेलिओमा हा कर्करोग झालेला कामगार, तिथे फेअरचाइल्ड (२००२) ने धोका लक्षणीय वाढवणं पुरेसं मानलं. तो अपवाद आहे. सरसकट वापरू नका.

दूरस्थतेसाठी वॅगन माउंड. सिडनी बंदरात १९५१ साली जहाजातून भट्टीचं तेल सांडलं, तरंगत धक्क्यापर्यंत गेलं, तिथल्या वेल्डिंगमुळे पेटलं आणि धक्का जळाला. १९६१ मध्ये प्रिव्ही कौन्सिल (लंडनमधलं, तेव्हा ऑस्ट्रेलियाची अपिलं ऐकणारं न्यायालय) म्हणालं: ज्या प्रकारच्या नुकसानीचा वाजवी अंदाज येत नव्हता, तिची जबाबदारी नाही. रे पोलेमिस (१९२१) मधलं ‘थेट परिणाम असला की पुरे’ हे तत्त्व बाद झालं.

पण तिथे थांबू नका. त्याच आगीवरचा वॅगन माउंड क्रमांक दोन १९६६ मध्ये आगीत सापडलेल्या दुसऱ्या जहाजांच्या मालकांनी जिंकला. आग तीच, तेल तेच, आणि निकाल उलटा? पहिल्या खटल्यातला वादी धक्क्याचा मालक होता. ‘आगीचा अंदाज येत होता’ असं तो सिद्ध करायला गेला असता, तर ‘मग तुम्ही वेल्डिंग का चालू ठेवलं?’ हा प्रश्न आला असता, आणि न्यू साउथ वेल्समध्ये त्या वेळी वादीची स्वतःची हयगय दावा पूर्ण बुडवत असे. म्हणून त्याने त्या मुद्द्यावर जोर दिलाच नाही. दुसऱ्या जहाजांच्या मालकांना ही अडचण नव्हती. त्यांनी पुरावा आणला आणि धोका थोडा असला तरी तेल सांडणाऱ्या जहाजाच्या इंजिनिअरला तो कळायला हवा होता, असा निष्कर्ष मिळवला. दाव्यात काय मांडलं गेलं हे न पाहता निकाल वाचला, तर हे दोन खटले विसंगत वाटतात.

प्रकार अंदाजात असला की तो नेमका कसा घडला याला महत्त्व नाही (ह्यूज वि. लॉर्ड अ‍ॅडव्होकेट, १९६३), आणि इजा किती वाढली यालाही नाही. स्मिथ वि. लीच ब्रेन (१९६२) मध्ये ओठावर भाजलेल्या जागी कर्करोग झाला. शरीर आधीच नाजूक होतं, ही सबब चालली नाही.

वादीचा वाटा, आणि हयगय लागतच नाही ते खटले

फ्रूम वि. बुचर (१९७५) मधले आकडे पाठ असावेत: सीटबेल्टमुळे इजा पूर्ण टळली असती तर भरपाईत २५ टक्के कपात, कमी झाली असती तर १५ टक्के. काहीच फरक पडला नसता तर कपात नाही. वादीची हयगय अपघाताला नव्हे, इजेला कारण असली तरी मोजली जाते.

एम. सी. मेहता (निकाल डिसेंबर १९८६, दिल्लीतली ओलियम वायूची गळती) हा हयगयीचा खटला नाहीच. हयगय नसतानाही जबाबदारी लावणाऱ्या रायलंड्स वि. फ्लेचरच्या नियमाचे अपवादही न मानणारी संपूर्ण जबाबदारी त्यात आली. त्या निकालात गळतीग्रस्तांची भरपाई ठरवलीच नव्हती, म्हणून हे तत्त्व निकालाला आवश्यक होतं का, यावर पुढे मतभेद झाले. १९९६ मध्ये इंडियन कौन्सिल फॉर एन्व्हायरो-लीगल अ‍ॅक्शन या खटल्यात ते बंधनकारक ठरलं.

आता स्वतः लावून पाहा

इमारत रंगवताना परांचीवरून रंगाचा डबा पडतो. मोबाइलमध्ये पाहत चाललेल्या बाईंचा खांदा मोडतो. हाडं आधीच ठिसूळ आहेत. रुग्णालयात त्यांना चार तासांनी तपासतात आणि हात कायमचा अधू होतो.

कंत्राटदाराचं पादचाऱ्याप्रति कर्तव्य प्रस्थापित आहे, डोनोह्यूवर पानं भरू नका. डबा का पडला हे ठाऊक नसेल तर बर्न आणि सुभागवंती. जाळी लावली नव्हती असं कळलं तर बोल्टन आणि पॅरिसचा तराजू: वर्दळीचा रस्ता, डोक्यावरचं वजन, जाळीचा किरकोळ खर्च. ठिसूळ हाडांसाठी लीच ब्रेन. मोबाइलवर कपात मागितली तर विचारा, वर पाहून चाललं असतं तर डबा चुकवता आला असता का? रुग्णालयावर स्वतंत्र कागद करा आणि तिथे पहिला प्रश्न बार्नेटचा: चार तास आधी तपासलं असतं तर हात वाचला असता का? त्याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही, अस्थितज्ज्ञाच्या अहवालात आहे. तो अहवाल दावा लिहिण्याआधी हातात हवा.